पोराचा गेमिंग पीसी, ४० हजारांचं बजेट आणि डिचोलीतला पावसाळा: माझ्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सातवीत पहिल्या पाचात आलास तर कॉम्प्युटर, असं मी गेल्या वर्षी बोलून बसलो होतो. बोलताना वाटलं होतं की हा काय येत नाही. आला, चौथा आला. आता आठवीत गेलाय आणि रोज सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आत माझ्या उशाशी येऊन "बाबा, कधी जायचं?" सुरू.

आत्तापर्यंत माझ्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट खेळायचा. तो लॅपटॉप इतका तापतो की पावसाळ्यात मांजर मुद्दाम त्याला चिकटून झोपतं.

बजेट ४० हजार, मॉनिटर, कीबोर्ड सगळं धरून. पार्ट वेगवेगळे घेऊन जोडणं स्वस्त पडतं म्हणतात, पण माझा हात असा आहे की मिक्सरचं झाकण बसवताना पण मोडतं, म्हणून तयार मशीनच घ्यायचं ठरवलं. एक बिल, आणि भांडायला एकच माणूस.

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला मामा, आधी मशीन बघू नका, आधी गेमांची यादी करा. पोराकडून कागदावर लिहून घेतली: माइनक्राफ्ट जावा, रोब्लॉक्स, व्हॅलोरंट, जीटीए. जीटीए मी जागेवरच खोडलं. व्हॅलोरंटवर आईची सही लागली, ती व्हॉइस चॅट बंद या अटीवर मिळाली. शिवाय शाळेत कोडिंगच्या तासाला स्क्रॅच शिकवतात, ते घरी पण हवं. स्क्रॅच कशावरही चालतं, पण आईसमोर ते यादीत सगळ्यात वर लिहिलेलं होतं.

२० जून, शुक्रवार

म्हापशाला गेलो. शुक्रवारचा बाजार, वर पाऊस, गाडी लावायलाच पाऊण तास. एका दुकानात काचेच्या बाजूचा कॅबिनेट, आत लाल-निळे-हिरवे पंखे, आणि वर कागद चिकटवलेला: आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, २० इंची मॉनिटरसकट २६,५०० रुपये. पोराचे डोळे तिथेच चिकटले. मी पण मनात हिशोब केला, आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हच्या वरचा, ४ जीबी म्हणजे भरपूर, वर साडेतेरा हजार वाचतायत. विचारलं गेम चालतील ना? "चलतलें, कांयच जावचें ना." दोन हजार ॲडव्हान्स देऊन आलो.

येताना अस्नोड्याला चहा-भजी. पोरगा सगळ्या मित्रांना मेसेज करत होता.

२१ जून, शनिवार

भाच्याला कागदाचा फोटो पाठवला. त्याचा उलटा प्रश्न: कुठली जनरेशन? मला वाटलं जनरेशन म्हणजे तो वय विचारतोय. दुकानात फोन करून विचारलं तर आधी "लेटेस्ट आहे", मग "सेकंड जन, पण आय-सेव्हन आहे ना".

तर तो निघाला आय-सेव्हन २६००. हा प्रोसेसर २०११ सालचा, म्हणजे माझ्या पोरापेक्षा वयाने मोठा. मदरबोर्ड नवीन असतो, डबा नवीन, दिवे नवीन, आतला मेंदू मात्र कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून आलेला. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे नुसते दर्जे झाले, त्यापुढच्या आकड्यावरून कळतं माल कधीचा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. आजचा बारावीतला आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो.

कार्ड जीटी ७३०, ते २०१४ चं. त्यावर ४ जीबी मेमरी आहे हे खरं, पण संथ डीडीआर-३ जातीची आणि कार्डात तेवढी ताकदच नाही. भाचा म्हणाला, मामा, स्कूटरला ट्रकची टाकी लावली म्हणून ती ट्रक होत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. म्हणजे मी जून महिन्यात असं मशीन घेत होतो ज्याला ऑक्टोबरनंतर धड विंडोजच नाही. जुगाड करून ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) मागतं, तिथे जुगाड चालत नाही.

परत म्हापसा. ॲडव्हान्स परत नाही मिळाला, "त्यातून दुसरं काहीतरी घ्या" म्हणाले. दिवेवाला कीबोर्ड-माउसचा सेट घेतला, जो बाहेर अकराशेला मिळतो. ९०० रुपये पाण्यात. पोरगा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही, मित्रांना आता काय सांगायचं हा त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा मोठा होता.

२९ जून, रविवार

आठवडाभर फोन, व्हॉट्सॲप, दोनदा पणजी. आता मी दुकानात गेलो की पहिला प्रश्न, "प्रत्येक पार्टचं कंपनीसकट पूर्ण नाव लिहून द्या". अर्ध्या दुकानांत इथेच बोलणं संपतं.

मोठ्या शोरूममधली ब्रँडेड गेमिंग डेस्कटॉप सत्तर हजारांच्या वर, तो विषय तिथेच सोडला.

एकाकडे कंपनीतून काढलेलं रिफर्बिश्ड मशीन होतं, आय-फाइव्ह ८५००, १७,५०० रुपये. हे वाईट नाही बरं का. आठवी पिढी, सहा कोर, विंडोज ११ रीतसर चालतं. त्यात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक कार्ड टाकायचं असा बेत, कारण त्या कार्डाची बरीच मॉडेलं ७५ वॅटमध्येच भागवतात आणि ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात, वेगळी वायर लागत नाही. अडलं दोन ठिकाणी. कॅबिनेट इतका बारका की अर्ध्या उंचीचंच कार्ड बसणार, आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, उद्या उडाला तर बाजारातला कुठलाही आणून बसवता येत नाही. आमच्याकडे विजांच्या दिवसांत काय काय उडतं ते मला माहीत आहे, गेल्या वर्षी सेट-टॉप बॉक्स गेला. म्हणून नको. ज्याचं बजेट पंचवीसच आहे त्याने मात्र हा रस्ता जरूर बघावा, फक्त अर्ध्या उंचीचा डबा सोडून पूर्ण टॉवर शोधावा.

मग उरले दोन.

पहिला: आय-थ्री १२१००एफ, जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, ३७,००० रुपये, मॉनिटर वेगळा. दुसरा: रायझन ५ ५६००जी, कार्डच नाही, १६ जीबी रॅम, ५१२ एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी), ३३,८०० रुपये, मॉनिटर वेगळा.

पोराचं मत पहिल्याला, कारण कार्ड. आणि गेमच्या हिशोबाने तो बरोबर पण आहे, आज खेळायला पहिलं मशीन जास्त पळेल. ५६००जी मध्ये ग्राफिक प्रोसेसरच्या आतच असतं, ते १६५० च्या बरंच मागे राहतं. (नावातला एफ म्हणजे आत ग्राफिक नाही, जी म्हणजे आहे. एफवाला प्रोसेसर कार्डाशिवाय घेतलात तर मॉनिटर काळाच राहणार.)

पण पहिल्या मशीनचा पॉवर सप्लाय बघितला. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. भाच्याने व्हिडिओ कॉलवर स्टिकर वाचायला लावला, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे कामाचे वॅट २१६, बाकीचे नुसते छापलेले. दुसऱ्यातला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), १२ व्होल्टवर ४३ ॲम्पिअर, म्हणजे ५१६ वॅट. हा गुणाकार मला कुणी आधी शिकवला असता तर बरं झालं असतं, कुठल्याही दुकानात मोबाईल काढून दहा सेकंदात होतो.

ठरवलं असं: कार्ड पुढे कधीही घालता येतं, पण खराब सप्लाय आणि ८ जीबी रॅमच्या मशीनमध्ये पुढे काहीही घालायचं म्हटलं तर आधी उपसायलाच लागतं. यादीतले तिन्ही गेम ५६००जी वर चालतात. दुसरं मशीन.

पोराला हे पटलं नाही हे इथे नोंदवून ठेवतो.

५ जुलै, शनिवार

पणजीला जाऊन ऑर्डर दिली. मॉनिटर २४ इंची, १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा), ७,६०० रुपये. आठवडाभराने या म्हणाले. बिलात प्रत्येक पार्टचं नाव आणि वॉरंटी लिहून घेतली. वॉरंटी पार्टागणिक वेगळी असते, आणि काही पार्ट दुरुस्तीला मुंबईला जातात, तेव्हा बिल जपून ठेवायचं. माझ्याकडे कपाटात एक, मोबाईलमध्ये एक आणि भाच्याकडे एक.

विंडोजचं लायसन्स या किमतीत नव्हतं. "आम्ही टाकून देतो" म्हणाले, ते कसलं टाकून देतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं कोरं विंडोज ११ टाका, ॲक्टिव्हेट करू नका. कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात आणि वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी गेम खेळायला काही अडत नाही. लायसन्स दिवाळीला बघू.

आणि एवढं सगळं लिहून घेताना मी एक चूक केलीच. बिलावर लिहिलं "१६ जीबी डीडीआर-४". रॅमच्या किती काड्या (पट्ट्या) ते लिहिलं नाही.

१२ जुलै, शनिवार

मेव्हण्याची गाडी घेऊन पणजीहून मशीन आणलं. पाऊस असा की वायपर हरला. डबा मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट, बाजूला पोरगा डब्यावर हात ठेवून.

संध्याकाळी जोडलं, चालू झालं, टाळ्या. मग पोरगा म्हणाला, बाबा, डब्याला हात लावला की मुंग्या येतात. मला वाटलं उत्साहाच्या. मी लावला, खरंच झिणझिण्या. अनवाणी, ओली फरशी. प्लग उपटला आणि सगळ्यांना जेवायला बसवलं.

१३ जुलै, रविवार

आमचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं. त्या खोलीत पूर्वी नुसता पंखा आणि रेडिओ. इलेक्ट्रिशियनने प्लगचं तोंड उघडलं आणि हसला, "अर्थिंगच ना हांगा." तीन भोकं आहेत, तिसऱ्याच्या मागे वायरच नाही. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये विजेतले अडथळे गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट पत्र्यावर सोडतात, अर्थ असला तर तो जमिनीत जातो, नसला तर तुमच्यातून. पार्ट खराब नव्हता, घर खराब होतं. मी तोवर दुकानदाराला दोन मेसेज टाकून झाले होते, ते नंतर माफी मागून मिटवले.

मेन बोर्डापासून अर्थची वायर ओढून घेतली, मजुरीसकट १,१५० रुपये. जुन्या घरातल्या लोकांनी मशीन यायच्या आधी हे करून घ्यावं, मी मशीन आल्यावर केलं आणि एक दिवस गेला.

दुपारी गेम. माइनक्राफ्ट चाललं पण मध्येच अडखळायचं. पोराने व्हॅलोरंट डाउनलोडला लावलं. मी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघितली, भाच्याने सांगितलं होतं तसं. तिथे लिहिलेलं: स्लॉट वापरात, २ पैकी १. वेग २४०० .

म्हणजे दुकानदाराने १६ ची एकच काडी घातली होती. नुसतं वेगळं कार्ड असतं तर हे एवढं बोचलं नसतं. पण ५६००जी च्या ग्राफिकला स्वतःची मेमरीच नाही, ते रॅममधूनच खातं. एक काडी म्हणजे एकच वाट, प्रोसेसर आणि ग्राफिक दोघं त्याच वाटेवर रेटारेटी करतात. आठ-आठच्या दोन काड्या घातल्या की दोन वाटा.

१९ जुलै, शनिवार

पणजी. दुकानदाराचं म्हणणं, बिलावर १६ लिहिलंय, १६ दिलंय. चूक नाही त्याची म्हणायची तर. पंधरा मिनिटं गोड बोलल्यावर ५०० रुपये घेऊन ८-८ च्या दोन काड्या दिल्या, ३२०० वेगाच्या. दिवसभराचा खोळंबा वेगळा.

घरी आल्यावर कॅबिनेट उघडला. काड्या मीच बसवल्या, भाचा व्हिडिओ कॉलवर. एक बसली, दुसरी बसल्यासारखी वाटली. मशीन चालू, स्क्रीन काळी. परत काढून, खाच बघून, दोन्ही टोकांनी अंगठ्याने दाबली तेव्हा टक् आवाज आला. माझ्या घामाचा एक थेंब मदरबोर्डवर पडता पडता राहिला.

मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) जाऊन एक्सएमपी चालू केलं, म्हणजे रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने चालते. हे आपोआप होतंच असं नाही, ३२०० ची काडी आणून ती २४०० वर निवांत चालत राहते आणि कुणी काही बोलत नाही. वेगवेगळ्या बोर्डांवर याला डीओसीपी वगैरे नावं असतात. तिथेच ग्राफिकसाठी २ जीबी राखून ठेवली.

थोड्या वेळाने परत घाबरलो, विंडोज १६ पैकी १३.९ जीबीच वापरण्याजोगी दाखवतंय. दुकानदाराला फोन लावायच्या बेतात होतो. भाचा म्हणाला, मामा, ते दोन तुम्हीच मघाशी ग्राफिकला दिलेत.

आकडे लिहून ठेवतो, आमच्या घरचे, सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) ते, १०८० रिझोल्यूशनवर, ग्राफिकचं सगळं लो ठेवून: व्हॅलोरंट एका काडीवर ७०–८० च्या घरात आणि मारामारी सुरू झाली की चाळीसवर घसरायचं, दोन काड्या आणि एक्सएमपीनंतर १२० च्या आसपास. माइनक्राफ्ट सोडियम नावाचा मॉड टाकल्यावर शंभरच्या वर. शेडर (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या करणारे) टाकले की २० वर येऊन पडतं, तो हट्ट कार्ड येईपर्यंत बंद.

मॉनिटर १०० हर्ट्झचा असून विंडोजने ६० वर ठेवला होता, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन बदलला. फुकटातली सुधारणा, आठवडाभर कुणाच्या लक्षात नाही.

२० जुलै, रविवार

व्हॅलोरंट सकाळी उघडलं तर व्हॅन ९००३ एरर. काल चालत होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद. काल चालत होतं ते कसं मग? मध्येच कधीतरी ते सेटिंग मूळ जागी गेलं असणार, असं भाच्याचं मत.

सिक्युअर बूट एनेबल केलं, तरी खाली नॉट ॲक्टिव्हच. दोन तास मी आणि पोरगा यूट्यूब बघत बसलो, जेवण थंड. शेवटी कळलं, त्याच पानावर कारखान्याच्या किल्ल्या परत भरायचा पर्याय आहे, रिस्टोअर फॅक्टरी कीज, तो दाबल्याशिवाय नुसतं एनेबल करून उपयोग नाही. दाबला, रिस्टार्ट, चाललं. विंडोजच्या सर्चमध्ये एमएसइन्फो३२ टाकलं की सिक्युअर बूट स्टेट ऑन दिसतं, तिथे खात्री करायची. टीपीएम याच प्रोसेसरमध्ये असतं, एफटीपीएम नावाने, ते आमच्याकडे चालूच होतं.

२६ जुलै, शनिवार

इंटरनेट. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत, मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती. असल्या भिंतींतून वायफाय म्हणजे धोंड्याला पाझर फुटायची वाट बघणं. बोर्डात वायफाय नाहीच, हे मी घेताना बघितलंच नव्हतं. ६५० चा वायफायचा डोंगल (यूएसबीला लावायचा) आणला. यूट्यूब चालतं, पण गेममध्ये पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ४० वरून ४०० वर उड्या मारतं, पोरगा "लॅग, लॅग" ओरडतो आणि आजी विचारते कुणाला लागलं? शेवटी २० मीटरची लॅन केबल, ४८० रुपये, दाराच्या वरून खिळे मारून ओढली. पिंग सरळ. डोंगल कुणाला हवा असेल तर सांगा.

दुसरी भानगड. पोराचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट मी फॅमिली ग्रुपमध्ये घातलं, दिवसाला दीड तास, रविवारी अडीच. तेवढ्यात माइनक्राफ्टमध्ये मल्टिप्लेअर बंद, अकाउंट सेटिंग बघा म्हणे. फॅमिली सेफ्टीत सगळीकडे शोधलं, नाही सापडलं. ते असतं एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये, पालकाच्या अकाउंटने लॉगिन करून, मुलाचं नाव निवडून. आमच्याकडे एक्सबॉक्स नाही, त्यामुळे तिकडे बघायचं डोक्यातच आलं नाही. एक संध्याकाळ गेली. रोब्लॉक्सला कार्ड किंवा यूपीआय कुठलंच जोडलेलं नाही, आणि जोडणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

चार दिवसांत सहा वेळा लाईट गेली. पाचव्या वेळी अपडेट चालू असताना गेली, मशीन उठलं पण मी अर्धा तास देवासमोर. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, २,९०० रुपये. मशीन खेळताना मॉनिटरसकट शंभर-सव्वाशे वॅट खातं, दहा-बारा मिनिटं सहज मिळतात. नियम केला: बीप वाजला की गेम सोडून शटडाउन. पोरगा दहा मिनिटं पुरवून पुरवून खेळतो. पुढे कार्ड घातल्यावर हा यूपीएस पुरेल की नाही हे मी घेताना विचारात घेतलं नव्हतं. खरं तर १००० व्हीएचा घ्यायला हवा होता.

१० ऑगस्ट, रविवार

हिशोब मांडला, बायकोने विचारला म्हणून. मशीन ३३,८००, मॉनिटर ७,६००, ॲडव्हान्समधून घेतलेला कीबोर्ड-माउस २,०००, रॅम बदली ५००, अर्थिंग १,१५०, डोंगल ६५०, केबल ४८०, यूपीएस २,९००. एकूण ४९,०८०. पेट्रोल, भजी धरली नाहीत. यातले कीबोर्डावरचे ९००, रॅमचे ५०० आणि डोंगलचे ६५० म्हणजे २,०५० निव्वळ माझ्या अज्ञानाचे. बाकीचे जे सात हजार वर गेले ते चुकीचे नाहीत, पण ४० चं बजेट करताना मी फक्त डब्याचा आणि मॉनिटरचा विचार केला होता. वीज, अर्थिंग आणि इंटरनेट मिळून साडेचार हजार, हे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी चवथ. घरात रंगकाम, साफसफाई, माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या) लाकडी चौकटीला पॉलिश. पीसीची खोली रिकामी करायची म्हणून सगळं सोडवलं. कॅबिनेट उघडला तर समोरच्या जाळीवर लाल धूळ, तीही सहा आठवड्यांत आणि पावसाळ्यात. खाणीचे ट्रक चालू आहेत, आता पाऊस उघडला की काय होईल ते दिसतंच आहे. मागच्या जाळीत पालीची दोन अंडी. भिंतीला टेकवून ठेवलेली बाजू दमट, स्क्रूवर बारीक गंज. आता स्टुलावर ठेवलाय, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि रोज थोडा वेळ तरी चालू करायचा असं ठरलंय, ऊब राहते. पोराला हा नियम फार आवडला.

उघडलाच होता तर मोजमाप घेतलं. सप्लायमधून ६ अधिक २ पिनची एक वायर मोकळी आहे, म्हणजे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड लावता येईल. समोरच्या पंख्यापर्यंत लांबी २९ सेंटिमीटर, कार्ड घेताना हा आकडा खिशात हवा. सप्लायच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवला. पोराच्या पैशांच्या डब्यात ३,२०० जमलेत, त्यात चवथीला मुंबईहून दोन आत्या आणि एक काका येतायत, त्यांची नावं त्याने आधीच वहीत लिहून समोर रकाना मोकळा सोडलाय.

रंग सुकेपर्यंत लॅन केबलचे खिळे परत मारायचे नाहीत, असं बायकोने सांगितलंय. सोमवारी मारीन.